‘म्हणे’ गाळून विकलेली बातमी : एका सशुल्क क्रीडावृत्त अ‍ॅपचे परीक्षण

२०२५ च्या ऑगस्टमध्ये, त्या वर्षीचा आयपीएल हंगाम संपून दोन महिने झालेले असताना आणि पुढचा लिलाव अजून लांब असताना, मी एका क्रीडावृत्त अ‍ॅपची वार्षिक वर्गणी भरली. वर्गणी हजार रुपयांच्या आतली होती आणि जाहिराती दिसणार नाहीत असे आश्वासन होते. मुख्य म्हणजे ‘ट्रेड आणि ट्रान्स्फर’ नावाचा एक स्वतंत्र कप्पा होता, ज्यात कोणता खेळाडू कोणत्या संघातून कोठे चालला आहे याची सूचना इतरांच्या आधी मोबाइलवर येईल असे सांगितले होते. अ‍ॅपचे नाव मी येथे देत नाही. ज्या दोषांबद्दल लिहिणार आहे ते या जातीच्या बहुतेक सेवांत थोड्याफार फरकाने सापडतील अशी माझी आता समजूत झाली आहे, तेव्हा वाचकाने आपल्या मोबाइलमधले अ‍ॅप डोळ्यांपुढे ठेवून हे वाचले तरी चालेल.

माझ्याविषयी एवढेच सांगणे पुरे की मी नागपुरात लक्ष्मीनगरला राहतो, नोकरीची सगळी वर्षे हिशेब तपासण्यात गेली, आणि तरुणपणी रविवारच्या रविवार रेशीमबाग मैदानावर क्रिकेट खेळलो. त्या काळच्या खेळाडूंचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. सकाळी फिरून झाल्यावर त्यातले सात-आठ जण तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर जमतात, आणि आदल्या रात्री ग्रुपवर पडलेल्या प्रत्येक बातमीचा तेथे निकाल लागतो. हे अ‍ॅप मी घेतले ते खरे तर त्या ठेल्यावर आपला शब्द पक्का ठरावा म्हणून, हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही.

आधी चांगले काय ते सांगतो, कारण ते लवकर सांगून होते. धावफलक जलद आहे, देशांतर्गत सामन्यांचाही आहे, आणि रणजीच्या चौथ्या दिवशी दुपारी जेव्हा दूरचित्रवाणीवर काही दिसत नसते तेव्हा तो खरोखर उपयोगी पडतो. जाहिराती दिसत नाहीत हे वचन पाळले गेले आहे. अक्षर मोठे करता येते, बॅटरी फारशी खात नाही, आणि जुन्या फोनवरही अडखळत नाही. एवढ्यासाठीच कोणी पैसे देणार असेल तर माझी हरकत नाही, मात्र यातले बहुतेक फुकटातही मिळते.

आता मूळ मालाकडे येतो. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री साडेदहाच्या सुमारास मोबाइल वाजला आणि पडद्यावर ओळ आली की संजू सॅमसन चेन्नईकडे गेला, व्यवहार पूर्ण. आत बातमी उघडली तर बदल्यात त्याच्या राजस्थान संघाला चेन्नईचे दोन फलंदाज मिळणार असल्याचे नावानिशी लिहिले होते. मी ती ओळ जशीच्या तशी ग्रुपवर टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी ठेल्यावर मी मान ताठ ठेवून पोचलो, आणि तिसऱ्या दिवसापासून मान खाली घालून पोचू लागलो, कारण कोणत्याही संघाने काहीही जाहीर केले नव्हते, आणि त्याच अ‍ॅपने पुढच्या काही आठवड्यांत सॅमसनला कधी कोलकात्याला, कधी दिल्लीला आणि मध्ये एकदा पुन्हा राजस्थानातच मुक्कामाला ठेवले. “काऊन भाऊ, पोचला का तुमचा संजू चेन्नईले?” हा प्रश्न मला तीन महिने रोज ऐकावा लागला.

पुढे १५ नोव्हेंबर २०२५ रोजी, म्हणजे संघांनी कायम ठेवलेल्या खेळाडूंची यादी देण्याच्या शेवटच्या दिवशी, आयपीएलने अधिकृतपणे जाहीर केले की सॅमसन १८ कोटींच्या मूल्यावर चेन्नईकडे गेला असून रवींद्र जडेजा आणि सॅम करन राजस्थानकडे आले आहेत, त्यात जडेजाचे मूल्य १८ कोटींवरून १४ कोटी झाले आहे आणि करनचे २.४ कोटी कायम आहे. माझ्या मित्रांनी मोठ्या मनाने मला चहा पाजला. अ‍ॅपनेही स्वतःची पाठ थोपटून घेतली. त्या दिवशी आलेल्या सूचनेत ‘ऑगस्टमध्येच सर्वप्रथम आम्ही सांगितले होते’ असे वाक्य होते, आणि त्याखाली त्या जुन्या बातमीचा दुवा दिला होता.

तो दुवा मी उघडला नसता तर हे परीक्षण कदाचित चार ताऱ्यांचे झाले असते. बातमीवर तारीख ऑगस्टचीच होती, परंतु मजकुरात ज्या दोन फलंदाजांची नावे मी वाचली होती ती आता तेथे नव्हती. त्यांच्या जागी जडेजा आणि करन येऊन बसले होते. ‘व्यवहार पूर्ण’ या शब्दांऐवजी ‘व्यवहार अंतिम टप्प्यात’ असे शब्द होते. बदल केल्याची कोणतीही नोंद, वेळ, टीप कोठेही नव्हती. हिशेबनीस माणसाला कागद जपून ठेवायची सवय असते, म्हणून ऑगस्टच्या त्या रात्रीचा स्क्रीनशॉट माझ्याकडे होता आणि दोन्ही शेजारी ठेवून मला पाहता आले. ज्याच्याकडे तो नव्हता, त्याच्या दृष्टीने हे अ‍ॅप आता भविष्यवेत्ते ठरले आहे.

येथे एक शंका कोणीही घेईल आणि आमच्या ठेल्यावर ती घेतलीच गेली. शेवटी सॅमसन चेन्नईकडेच गेला, मग बातमी खोटी कशी? माझे उत्तर असे की ऑगस्टमध्ये ती खोटी होती आणि नोव्हेंबरमध्ये जे घडले त्याने ती खरी होत नाही. ऑगस्टमध्ये व्यवहार पूर्ण झालेला नव्हता, त्यातली देवाणघेवाण वेगळी होती, आणि मधल्या काळात तेच अ‍ॅप त्याच खेळाडूला आणखी दोन शहरांत पाठवून बसले होते. चार दिशांना चार माणसे धाडली की त्यांतला एक जण तरी मुक्कामाला पोचतोच. याला बोलाफुलाला गाठ म्हणतात, बातमीदारी म्हणत नाहीत. खतावणीत चुकलेली नोंद खोडून त्यावर नवी लिहायची नसते, तिच्याखाली तारीख घालून दुरुस्तीची नोंद करायची असते, म्हणजे चूक कधी झाली, कधी लक्षात आली आणि कोणी सुधारली हे तिऱ्हाईताला कळते. बातमीच्या धंद्याला यापेक्षा सैल नियम का लागावा हे मला समजलेले नाही.

वास्तविक आयपीएलमधला अदलाबदलीचा व्यवहार ही कागदावर पडताळता येणारी गोष्ट आहे, आणि म्हणूनच या कप्प्यातल्या खोट्या बातम्यांचा मला अधिक राग येतो. हंगाम संपल्यावर व्यवहारांची मुदत सुरू होते, लिलावाच्या काही दिवस आधी बंद होते आणि लिलावानंतर पुन्हा सुरू होते. खेळाडूची संमती लागते, दोन्ही संघांची लागते, आणि नियामक मंडळाने मान्यता दिल्याशिवाय काहीही पक्के होत नाही. खेळाडूने स्वतःहून दुसऱ्या संघाशी बोलणी करायची नसतात. हाच जडेजा २०१० च्या हंगामात त्या कारणावरून एका वर्षासाठी बाहेर बसला होता. संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू, त्यांत परदेशी आठच, आणि खर्चाला कमाल मर्यादा. नोव्हेंबरच्या त्या व्यवहारातही अडचण याच आकड्यांची होती, कारण राजस्थानचा परदेशी खेळाडूंचा कोटा भरलेला होता आणि खिशात अवघे ३० लाख उरले होते, म्हणजे २.४ कोटींचा करन घ्यायचा तर आधी कोणीतरी सोडावा लागणार आणि कोठून तरी रक्कम मोकळी करावी लागणार हे उघड होते. डेस्कवर बसलेल्या माणसाने पाच मिनिटे बेरीज-वजाबाकी केली असती तर ‘व्यवहार पूर्ण’ आणि ‘व्यवहाराची बोलणी’ यांतला फरक त्याला दिसला असता. २०२४ च्या ऑगस्टमध्ये रोहित शर्मासाठी दोन संघांनी ५०-५० कोटी राखून ठेवल्याची वावडी उठली होती, तेव्हा लखनौचे मालक संजीव गोएंका यांनी हेच साधे गणित मांडले होते की निम्मी रक्कम एकावर घालवली तर उरलेले बावीस जण कशात बसवायचे.

अर्थात बातमीदाराची बाजूही लक्षात घेतली पाहिजे, कारण अधिकृत कागदही कधी कधी दगा देतो. २६ नोव्हेंबर २०२३ च्या संध्याकाळी गुजरातने दिलेल्या यादीत हार्दिक पंड्या कायम ठेवलेला होता, आणि त्यावरून ‘हार्दिक गुजरातमध्येच’ अशा बातम्या लागल्या. त्याच रात्री चक्रे फिरली, मुंबईने कॅमेरॉन ग्रीनला बंगळुरूकडे देऊन १७.५ कोटी मोकळे केले, आणि दुसऱ्या दिवशी हार्दिक १५ कोटींवर मुंबईचा झाल्याचे जाहीर झाले. म्हणजे त्या आठवड्यात ज्यांनी सूत्रांच्या हवाल्याने हार्दिक मुंबईला जात असल्याचे लिहिले ते बरोबर निघाले आणि ज्यांनी अधिकृत यादी वाचून लिहिले ते काही तासांत चूक ठरले. यावरून मी एवढेच म्हणतो की बातमी किती वाजता लिहिली आणि कशाच्या आधारावर लिहिली हे तिच्या कपाळावर असले पाहिजे. तसे असते तर यादी वाचून लिहिणाऱ्यालाही कोणी दोष दिला नसता.

या अ‍ॅपमध्ये तशी सोय आहे असे भासवले जाते. बातमीच्या आत पिवळा ठिपका असेल तर ‘चर्चा’ आणि हिरवा असेल तर ‘पुष्टी’ अशी खूण आहे. कल्पना उत्तम आहे. पण हा ठिपका मोबाइलवर वाजणाऱ्या सूचनेत दिसत नाही, आणि दहांतले नऊ जण सूचनाच वाचतात, आत जात नाहीत. मीही त्या रात्री ग्रुपवर सूचना आधी टाकली आणि बातमी नंतर वाचली. दुसरे असे की हिरवा ठिपका कशाने मिळतो याचा नियम कोठेही लिहिलेला नाही. माझ्या निरीक्षणाप्रमाणे समाजमाध्यमावर निळी खूण असलेल्या खात्याने काही लिहिले की तेवढ्यावर पिवळ्याचा हिरवा होतो. निळ्या खुणेची किंमत काय आहे हे जगाने ९ नोव्हेंबर २०२२ रोजीच पाहिले होते. ट्विटरने महिना आठ डॉलरला ती खूण विकायला काढली आणि त्याच दिवशी लेब्रॉन जेम्स या अमेरिकी बास्केटबॉलपटूच्या नावाने निघालेल्या, निळी खूण असलेल्या एका तोतया खात्याने तो लेकर्स हा आपला संघ सोडून क्लीव्हलँडला जाऊ इच्छितो असे जाहीर करून टाकले. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या बातम्या देणाऱ्या ‘एनबीए सेंट्रल’ खात्याच्या नावात किंचित बदल करून काढलेल्या ‘एनबीए सेंटेल’ नावाच्या टवाळखोर खात्याने भल्याभल्यांना चकवले आहे. या सगळ्याचा एक उलटा परिणामही झाला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये लुका डॉनचिच हा बास्केटबॉलपटू डॅलसहून लॉस एंजेलिसला गेल्याची बातमी शॅम्स शरानिया या ईएसपीएनच्या नावाजलेल्या बातमीदाराने दिली, तेव्हा लोकांना त्याचे खाते कोणीतरी पळवले असावे असे वाटले आणि बातमी खरी असल्याचे त्याला पुन्हा लिहून सांगावे लागले.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला जडेजाचे इन्स्टाग्राम खाते काही काळ दिसेनासे झाले, तेव्हा या अ‍ॅपने त्यावर एका दिवसात तीन सूचना पाठवल्या. खाते दिसत नाही ही घटना होती आणि ती घटना म्हणून सांगायला हरकत नव्हती. तिसऱ्या सूचनेपर्यंत मात्र तो चेन्नई सोडतो आहे याचा ती पुरावा झाली होती.

भाषेबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण मी मराठी आवृत्तीची वर्गणी भरली आहे. हा विभाग इंग्रजीवरून यंत्राने उतरवला जातो हे पहिल्याच दिवशी कळते. ‘सॅमसनचा चेन्नईला व्यापार’ असे शीर्षक वाचले की जणू तो तेथे कापसाची गाठ घेऊन उतरला आहे असे वाटते. संघाने सोडलेल्या खेळाडूची ‘सुटका’ होते, म्हणजे इतके दिवस तो जेरबंद होता. आणि हार्दिकच्या जुन्या व्यवहाराला ‘सर्व रोख करार’ म्हटले आहे, ज्यातून नोटांची पोती डोळ्यांपुढे उभी राहतात. हे विनोद मी सहन केले असते. जे सहन होत नाही ते वेगळे आहे. इंग्रजी बातमीत बहुधा एखादा सावध शब्द असतो, बोलणी चालू आहेत, शक्यता आहे, अशा अर्थाचा. मराठी सूचनेत जागा कमी म्हणून तोच शब्द पहिल्यांदा गळतो, आणि ‘जाऊ शकतो’ चे ‘जाणार’ आणि ‘जाणार’ चे ‘गेला’ होते.

आणि हे घडते कोठे, तर अशा भाषेत जिच्याकडे ऐकीव गोष्टीसाठी दोन अक्षरांचा इतका नेमका शब्द आहे की तो कोणत्याही सूचनेत मावावा. ‘संजू चेन्नईला गेला’ आणि ‘संजू चेन्नईला गेला म्हणे’ या दोन वाक्यांत काय अंतर आहे हे आपल्याकडच्या लहान मुलालाही शिकवावे लागत नाही. ‘म्हणे’ म्हटले की सांगणारा सांगतो की हे मी पाहिलेले नाही, कोणाकडून तरी ऐकले आहे, तुम्हीही तेवढ्याच भावाने घ्या. वृत्तपत्रांनी त्याच कामासाठी ‘असे समजते’, ‘असे कळते’ अशी थोडी इस्त्रीची रूपे घडवली. त्यांचा गैरवापर झाला नाही असे नाही, ‘विश्वसनीय सूत्रां’च्या आडून पुष्कळांनी पुड्या सोडल्या, पण निदान वाचकाला इशारा मिळत होता. या अ‍ॅपने ‘म्हणे’ गाळून बातमी विकली, आणि मी ती पैसे देऊन घेतली.

पुड्या सोडणारे नेहमी पत्रकारच असतात असेही नाही, हे न्यायाने सांगायला हवे. खेळाडूचे प्रतिनिधी भाव वाढवण्यासाठी, संघाचे लोक समोरच्याचा अंदाज घेण्यासाठी खडा टाकून पाहतात, आणि बातमीदार हा त्यांच्या हातातली गोफण होतो. पण कोणाच्या सांगण्यावरून लिहितो आहोत आणि सांगणाऱ्याचा त्यात काय लाभ आहे हा प्रश्न विचारणे हेच तर त्याचे काम आहे, आणि या अ‍ॅपवर तो कोणाला विचारावा तेच कळत नाही. कारण ‘ट्रेड आणि ट्रान्स्फर’ कप्प्यातल्या एकाही बातमीखाली मला माणसाचे नाव आढळले नाही. सर्वत्र ‘क्रीडा डेस्क’.

नाव असल्याने काय होते याचे मला पटलेले उदाहरण बेसबॉलमधले आहे, जरी त्या खेळातले मला फारसे कळत नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी शोहेई ओटानी हा जपानी खेळाडू टोरोंटोकडे निघाल्याचे जॉन मोरोसी या एमएलबी नेटवर्क नावाच्या अमेरिकी बेसबॉल वाहिनीच्या बातमीदाराने लिहिले. कॅलिफोर्नियाहून टोरोंटोला चाललेल्या एका खासगी विमानावर हजारो लोक नकाशावर डोळे लावून बसले. विमान उतरले तेव्हा त्यातून रॉबर्ट हर्जावेक हे कॅनडाचे उद्योगपती बाहेर आले, ओटानी त्या विमानात नव्हताच. मोरोसी यांनी त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, स्वतःच्या नावाने आपली बातमी चुकीची होती असे लिहून माफी मागितली. दुसऱ्या दिवशी ओटानीने आपण लॉस एंजेलिस डॉजर्सकडे जात असल्याचे स्वतः जाहीर केले; करार दहा वर्षांचा, ७० कोटी डॉलरचा होता. चूक मोठी होती आणि तिची थट्टाही भरपूर झाली, पण ज्या हजारोंनी चुकीचे वाचले होते त्यांना दुरुस्ती त्याच हाताने आणि त्याच दारातून मिळाली.

आपल्याकडे याच्या जवळचे जे घडते ते बहुधा खेळाडूलाच करावे लागते. एप्रिल २०२५ मध्ये यशस्वी जैस्वालने मुंबई सोडून गोव्याकडून खेळण्यासाठी ना-हरकत प्रमाणपत्र मागितले, ही बातमी खरी होती, जरी पुढच्या महिन्यात त्याने तो विचार सोडला. पण तिच्या शेपटीला सूर्यकुमार यादव आणि आणखी काही जण गोव्याला निघाल्याचे जोडले गेले, तेव्हा सूर्यकुमारने समाजमाध्यमावर त्या बातमीच्या लेखकाला तुम्ही पत्रकार की पटकथालेखक अशा अर्थाचा प्रश्न करून ते सारे बकवास ठरवले, आणि मुंबई क्रिकेट संघटनेनेही इन्कार केला. या अ‍ॅपच्या जुन्या साठ्यात मी त्या दिवसाचा मजकूर शोधला. शोधयादीत शीर्षक अजून दिसते. त्यावर बोट ठेवले की पान उपलब्ध नसल्याचे कळते. दुरुस्ती नाही, खुलासा नाही, चूक केल्याची खूणच पुसलेली.

हा ना-हरकत प्रमाणपत्राचा विषय आम्हा विदर्भवाल्यांच्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून त्या कसोटीवरही मी अ‍ॅपला तपासले. २ मार्च २०२५ रोजी नागपूरजवळ जामठ्याला केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला तेव्हा ज्याने ८६ आणि १३५ धावा केल्या तो करुण नायर दोन हंगामांनंतर पुन्हा कर्नाटकाकडे गेला, आणि अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याकडे. दोन्ही गोष्टी खऱ्या, दोन्ही कागदोपत्री. नायरची बातमी अ‍ॅपवर ठळक होती. जितेशची शोधून काढावी लागली, आणि विदर्भाचा यष्टिरक्षक गेल्यावर त्या जागेवर कोण, हा जो प्रश्न येथल्या वाचकाला पडतो, त्यावर अवाक्षर नव्हते. जे खरे आहे, तपासता येते आणि आमच्या गावाशी संबंधित आहे ते या कप्प्यात सर्वात कमी जागेत असते.

ऑगस्टच्या बदललेल्या मजकुराबद्दल मी अ‍ॅपच्या तक्रार अधिकाऱ्याला दोन्ही चित्रे जोडून ईमेल केला. आपल्याकडे वृत्तपत्रे आणि वृत्तसंस्था यांच्यासाठी १९७८ च्या कायद्याने प्रेस कौन्सिल आहे; चूक लक्षात आल्यावर वृत्तपत्राने स्वतःहून, ठळकपणे आणि विनाविलंब दुरुस्ती छापावी असे तिचे निकष सांगतात, परंतु ती ताकीद देऊ शकते, दंड करू शकत नाही, आणि मोबाइलवरचे असले अ‍ॅप तिच्या कक्षेत येत नाही. डिजिटल वृत्तप्रकाशकांसाठी फेब्रुवारी २०२१ चे नियम आहेत, त्यांत तक्रार अधिकारी नेमावा आणि १५ दिवसांत निर्णय द्यावा असे म्हटले आहे, पण त्यांतली आचारसंहिता बंधनकारक करणाऱ्या तरतुदींना मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ रोजी स्थगिती दिली. सरकारने बातम्या तपासत बसू नये ही भीती मलाही रास्त वाटते. म्हणूनच प्रकाशकाने आपले घर आपण झाडले पाहिजे असे माझे म्हणणे आहे. माझ्या तक्रारीला तत्काळ एक यांत्रिक पोच आली आणि तीन आठवड्यांनी दोन ओळींचे उत्तर आले, की आमच्या बातम्या वेळोवेळी अद्ययावत केल्या जातात आणि आपल्या सूचनेबद्दल आभार. मी सूचना केली नव्हती, तक्रार केली होती. त्यानंतर मी पुन्हा लिहिले, त्याला उत्तर नाही.

ऑगस्टमध्ये बातमी फसल्याचे स्पष्ट झाल्यावर मी ग्रुपवर माझ्याकडून खुलासा टाकला होता, की आपण पाठवलेली बातमी चूक होती, तपासली नव्हती, क्षमस्व. मूळ बातमीवर एका तासात चाळीसएक प्रतिक्रिया आल्या होत्या. खुलाशावर एकाने हात जोडल्याचे चित्र टाकले आणि दुसऱ्याने त्याखाली सोयाबीनच्या भावाची क्लिप. मूळ बातमी मात्र माझ्या मामेभावाने वर्ध्याच्या ग्रुपवर पाठवली होती, तेथून ती पुढे कोठवर गेली कोण जाणे. तेथे माझा खुलासा पोचलाच नाही. तेव्हा दुरुस्ती कोणी वाचत नाही हे संपादकांचे नेहमीचे गाऱ्हाणे मला अनुभवाने कळते. परंतु माझ्याकडे फक्त ग्रुप होता, अ‍ॅपकडे सूचनेची घंटा आहे. जी घंटा रात्री साडेदहाला खोटी बातमी सांगायला वाजली ती सकाळी दुरुस्ती सांगायलाही वाजवता येते, त्यासाठी एक पैसा खर्च नाही. पाच महिन्यांत ती अशी एकदाही वाजली नाही.

ताऱ्यांचेच विचाराल तर पाचांपैकी दोन, आणि तेही दोन्ही धावफलकाचे. ज्यांना केवळ धावसंख्या हवी त्यांनी फुकट आवृत्ती घ्यावी. ज्यांना आयपीएलच्या अदलाबदलीत रस आहे त्यांनी स्पर्धेच्या आणि संघांच्या अधिकृत घोषणेची वाट पाहावी. ती उशिरा येते, पण एकदाच येते. मधल्या काळातल्या चर्चेची हौस असेल, आणि ती असण्यात गैर काहीच नाही, तर खाली स्वतःचे नाव घालणारा आणि चुकल्यावर तसे लिहिणारा एखादा बातमीदार धरावा. व्यवहारांच्या सूचना बंद करायच्या असतील तर सेटिंगमध्ये चार पायऱ्या आत जावे लागते, आणि अ‍ॅप अद्ययावत झाले की त्या आपोआप पुन्हा चालू होतात, हेही लक्षात ठेवावे.

मी स्वयंचलित नूतनीकरण रद्द केले आहे. ते करताना कारण निवडायला सांगतात, आणि दिलेल्या पर्यायांत ‘महाग’, ‘वापर कमी’, ‘दुसरे अ‍ॅप घेतले’ आणि ‘इतर’ एवढेच होते. मी ‘इतर’ निवडून त्याखालच्या चौकटीत ऑगस्टच्या बातमीचा दुवा आणि मूळ दोन नावे लिहिली. हे लिहायला बसण्यापूर्वी ते पान पुन्हा उघडून पाहिले. तारीख ऑगस्टचीच आहे, नावे जडेजा आणि करन यांची आहेत, आणि वर हिरवा ठिपका आहे.